चार नंबरचं पुन्हा तरुण होणं

पवनचक्की वीस वर्षांची झाली की तिचं काय करायचं, हा आमच्या प्रकल्पाचा विषय होता. उतरवायची, की अजून दहा वर्षं फिरू द्यायची? भोरच्या वरच्या पठारावर अशा म्हाताऱ्या चक्क्यांची रांग आहे. त्यातल्या चार आणि सहा नंबरच्या आम्ही अभ्यासाला घेतल्या होत्या. दोन्हींच्या गिअरबॉक्सवर साबणाच्या वडीएवढी एकेक डबी बसवली होती, लोहचुंबकाने चिकटणारी. चक्की किती थरथरते ते डबी मोजायची आणि आकडे पुण्याला माझ्या संगणकावर यायचे.

प्रकल्पाचे प्रमुख आमचे सर. ते पठारावर वर्षातून दोनदा येत. सारोळ्याला गाडी थांबवून मिसळ खात आणि त्या पाऊण तासात ग्रामीण भागाबद्दल त्यांची जी मतं बनत, ती पुढच्या सहा महिन्यांच्या भाषणांना पुरत. चक्कीच्या आत ते कधी चढले नाहीत. शिडी सरळ उभी आहे, आणि सरांच्या गुडघ्यांचं किती आयुष्य उरलंय हे कळायला डबी लागत नव्हती.

चढायचा तो दादा. कंपनीचा तंत्रज्ञ, मूळचा पासलीचा. दर शुक्रवारी कमरेला पट्टा बांधून तो चक्क्यांच्या डोक्यात जाऊन बसायचा, बोल्ट तपासायचा, ग्रीस भरायचा. मी त्याच्याशी फार बोलत नसे. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. मराठीत बोलायचं तर मी आधी मनात वाक्य जुळवते, तोवर समोरचा दुसऱ्या विषयावर गेलेला असतो. गप्प राहिलं की लोक हुशार समजतात, हा फायदा मात्र मी पुरेपूर घेतला आहे.

दसऱ्याला चमत्कार झाला. वर्षभर वाढत असलेली चार नंबरची थरथर एका दिवसात खाली आली. त्याच दिवशी सहा नंबरची वाढली. सरांनी महिनाभर आधी चार नंबरसाठी नवं ग्रीस सुचवलं होतं. ग्रीसमुळे चक्की तरुण झाली, असा त्यांनी निष्कर्ष काढला आणि त्याला इंग्रजीत एक लांबलचक नाव दिलं. सहा नंबर का बिघडली, यालाही एक नाव दिलं, जरा आखूड. मी दोन्ही रेघांना रंग दिले, चार नंबरला निळा आणि सहाला नारिंगी. मला शंका आली नव्हती असं नाही. मी ती विचारली नाही.

डिसेंबरात बॅटरी बदलायला दादाने चार नंबरवरची डबी खाली आणून माझ्या हातात दिली. तिच्या खाचेत हळद-कुंकू भरलेलं होतं. झाकण उघडलं, तर आतल्या पट्टीवर कोरलेला क्रमांक सहा नंबरच्या डबीचा होता.

विचारल्यावर दादाने कौतुकाने सांगितलं. खंडेनवमीला पान्हे, पट्टे, दोर, सगळं पाटावर मांडून पूजा केली होती. ताईंची यंत्रं तेवढी वरच ठेवायची, हे काही त्याला बरं वाटेना. म्हणून दोन्ही डब्याही खाली आणल्या, ओल्या फडक्याने लख्ख पुसल्या. पुसताना वरचे नंबरांचे कागद निघून आले. दसऱ्याला सकाळी परत चिकटवल्या.

"कुठली कुठं, ते कसं ओळखलंत?"

"दोन्ही सारख्याच की ओ. म्हणलं, मोजायचंच हाय, कुठनं बी मोजतील."

मग त्याने चार नंबरकडे हनुवटी केली. "तुमी काय बी मोजा ताई, ते लई खाकरतंय. वर बसलं की दातात कळतं."

डबीत काय असतं आणि ती तिथेच का हवी, हे आमच्यापैकी कोणीही त्याला दोन वर्षांत सांगितलं नव्हतं. त्याच्या हाताखालच्या यंत्रावर आम्ही संशोधन करत होतो आणि तो आमच्या लेखी शिडीचा भाग होता.

आता मी हे सांगितलं तर त्याची नोकरी जाणार. नाही सांगितलं तर खराब चक्कीला अजून दहा वर्षं फिरायचा दाखला मिळणार आणि तिच्या डोक्यात दर शुक्रवारी तोच बसणार. मी आम्हा इंग्रजी शिकलेल्यांच्या जातीला शोभेलसं केलं, म्हणजे सरांना इंग्रजीत ईमेल लिहिली. डब्यांची अदलाबदल झालेली असण्याची शक्यता नाकारता येत नाही, असं काहीतरी. कोणी केली, चक्कीत माणूस बसतो, यातलं काही त्यात नव्हतं. सरांचं उत्तर एका शब्दाचं आलं: नोंदवलं.

शुक्रवारी कंपनीचे अधिकारी पठारावर आले. सरांनी तिथल्या खोलीच्या भिंतीवर निळी रेघ दाखवली. अधिकारी दाखल्याचा कागद चाळत होते. त्यांना चक्कीवर चढतानाचा फोटो हवा होता, म्हणून दादा बाहेर चार नंबरच्या दाराशी पट्टा बांधत होता. खिडकीतून तो मला दिसत होता. माझं वाक्य जुळलं नव्हतं, तरी मी बोलले.

"डब्यांची अदलाबदल झाली आहे. निळी रेघ सहा नंबरची आहे. चार नंबर बंद करा. त्यांना वर पाठवू नका."

सर हसून म्हणाले, या जरा लाजऱ्या आहेत, गोंधळतात. अधिकाऱ्यांनी डबी मागितली. चारवरून उतरवलेली डबी माझ्याजवळच होती; मी झाकण उघडून आतला सहाच्या डबीचा क्रमांक दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि बाहेर माणूस धाडून चक्की थांबवली. डब्या कोणी हलवल्या, असं सरांनी विचारलं, तेव्हा दादा दारात येऊन उभा राहिला होता.

"म्या, साहेब."

चार नंबरचा गिअरबॉक्स उघडला तेव्हा आतल्या बेअरिंगच्या गोळ्यांचे तुकडे झालेले निघाले.

अहवाल लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझं इंग्रजी चांगलं. सरांनी एक वाक्य तयार दिलं होतं: स्थानिक, अप्रशिक्षित कर्मचाऱ्याच्या अंधश्रद्धेमुळे आकडे दूषित झाले. मी त्या जागी लिहिलं की डब्या कशासाठी आहेत हे संशोधकांनी तिथे काम करणाऱ्याला कधीच सांगितलं नाही, आणि चक्की खराब आहे हे त्याने ती उघडण्याआधीच सांगितलं होतं. अहवाल सरांना पाठवला, त्याच वेळी अधिकाऱ्यांनाही.

दादाला कंपनीने कामावर ठेवलं. मला सरांनी प्रकल्पातून मोकळं केलं, माझ्या प्रकृतीला डोंगरातली हवा मानवत नाही म्हणून. ते संशोधन सोडून मी दुसरं काही शोधते आहे. चार नंबरची पाती उतरवली. सहा नंबर फिरते आहे. सरांचा निबंध परिषदेत वाचला गेला; त्यातले आकडे दसऱ्याच्या आदल्या आठवड्यापाशी थांबतात, आणि का थांबतात हे तिथे त्यांना कोणी विचारलं नाही.