गाजराच्या मशीनची वर्गणी

२००९ सालची गोष्ट. माझा ललित इंजिनिअरिंगला गेला आणि पहिल्याच सुट्टीत आम्हाला शहाणं करायला घरी आला. अमेरिकेत म्हणे नवी वस्तू बनवायची असली की लोक इंटरनेटवर अनोळखी माणसांकडून थोडे थोडे पैसे गोळा करतात, वस्तू झाली की पहिली त्यांनाच देतात, आणि त्याला क्राउडफंडिंग म्हणतात. त्याची आजी मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "म्हंजी वर्गणीच की."

ही आजी म्हणजे माझ्या सासूबाई, नवसाबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणते. त्यांची ही गोष्ट मी भेटेल त्याला सांगते आणि ऐकणारा कंटाळला तरी पुरी करते. मला त्यांचा अभिमान आहे, तो मला आवरत नाही.

मखमलाबादला आमची भाजीपाल्याची शेती. मी मनमाडची, रेल्वेवाल्याची मुलगी. गाजर बाजारात दिसतं तसंच स्वच्छ जमिनीतून निघतं, अशी माझी समजूत होती. लग्न होऊन आले आणि पहिल्याच थंडीत ती खोटी ठरली. गाजर निघतं चिखलानं माखलेलं, आणि बायका ते भल्या पहाटे पाटाच्या पाण्यात बसून धुतात. नाशिकचा जानेवारी ज्याला ठाऊक आहे त्याला पुढचं सांगायला नको. बोटं सुजायची, भेगांतून रक्त यायचं. त्यात भोगीच्या भाजीला गाजर लागतंच, म्हणून ऐन संक्रांतीच्या तोंडावर काम दुप्पट. मग कासारीण बांगड्या घेऊन आली की आमच्या शेजारच्या अक्काबाई हात पदराखाली घ्यायच्या. "पुढच्या सालाला भर बाई," म्हणायच्या. त्या सुजलेल्या हातावरून बांगडी चढतच नव्हती.

सत्त्याण्णव साली कॉलेज रोडला एका बिल्डिंगचा स्लॅब पडत होता. बाजारातून परतताना आत्याबाई तिथं जी उभी राहिली ती हलेना. काँक्रीटचा मिक्सर बघत होती. (पाहिलंत, रंगात आले की मी त्यांना एकेरीवर आणते.) घरी येऊन म्हणाल्या, "भाग्यश्री, त्या पिंपात खडी फिरती, तर गाजर का नाय फिरायचं?"

त्यांच्या डोक्यातली मशीन अशी: आडवं जाळीचं पिंप, अर्धं पाण्याच्या हौदात, बाजूला हँडल. उभं राहून, हात कोरडे ठेवून फिरवायचं. गोरक्ष वेल्डर म्हणाला, "करून देतो मावशी, पण लोखंडाचे पैसे आधी लागतील." म्हणून आम्ही दोघी बँकेत गेलो. साहेब चांगले होते, चहा पाजला आणि मशीनचं कोटेशन आणायला सांगितलं. आता जी मशीन जगातल्या कुठल्या दुकानात आम्हाला दिसली नव्हती, तिचं कोटेशन द्यायचं कुणी? आत्याबाईंनी चहा संपवला आणि त्या उठल्या.

दुसऱ्या दिवशी पाटावर जाऊन त्यांनी गाजरं धुणाऱ्या बायकांकडे वर्गणी मागितली.

"कुठल्या देवाची?" चिमणाबाईंनी विचारलं.

"देवाची नाय. मशीनची. जी देईल तिचं गाजर, मशीन चालतीय तोवर फुकट धुवून मिळंल."

आधी सगळ्या हसल्या. मग आपापल्या हातांकडे पाहिलं असावं, कारण हसणं थांबलं. कुणी पाच-दहा रुपये दिले, कुणी घरात गंजत पडलेले लोखंडी अँगल. चिमणाबाईंनी मोडकी सायकल दिली. अक्काबाईंनी बांगड्यांचे ठेवलेले पैसेच दिले. "हातात तर चढत नाय, ठेवून काय करू?"

बाजारातला सहादू दलाल मात्र चारचौघांत बोलला, "देवाची वर्गणी खाल्ली तर देव बघतो. मशीनची खाल्ली तर कोण बघणार?" ते बोलणं बाजारभर झालं. आता मशीन चालली नसती तर आत्याबाईंना त्या बाजारात मान वर करून बसता आलं नसतं.

भोगीला थोडेच दिवस उरले असताना मशीन पाटावर आली. वर्गणीवाल्या झाडून सगळ्या हजर, आणि प्रत्येकीला आपलंच गाजर आधी हवं. टोपल्यांवर टोपल्या ओतल्या. पिंप गच्च झालं, हँडल हलेना, तेव्हा चौघी मिळून त्याला लटकल्या. ते एकदम फिरलं आणि आतून कडाकड आवाज आला. झाकण उघडलं तर अर्ध्याहून जास्त गाजरांचे तुकडे.

सहादू लांबून बघत होता. आत्याबाईंचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. हळूच म्हणाल्या, "गळ्यातली पोत मोडते. ज्याची त्याची वर्गणी परत देते."

"वर्गणी परत घेत्यात व्हय?" अक्काबाई म्हणाल्या. "गणपती बुडवल्यावर आपण मागाया जातो का? आन् मशीन तुझी एकटीची नाय. आमची बी हाय."

मग जो गलका झाला! पिंप अर्धंच भरा. हौदात पाणी वाढवा. हँडल एकीनंच धरायचं, तेही सावकाश. चिमणाबाई म्हणाल्या, माझ्या सायकलच्या ट्यूबा कापून जाळीला आतून गुंडाळा. गोरक्षानं कपाळाला हात लावला. "मावशी, हिला मालकिणी तरी किती!" पण सांगितलं ते सगळं त्यानं केलं.

भोगीच्या आदल्या दिवशी पिंपातून गाजरं घरंगळत आली, लालबुंद आणि अख्खी. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. अक्काबाईंनी त्यातलं एक उचललं आणि तिथंच उभ्या उभ्या खाल्लं.

पुढच्या हंगामात चांदवडहून, घोटीहून लोक तशीच मशीन विकत मागायला आले. सहादूही आला. त्याच्याकडून आत्याबाईंनी सगळे पैसे आधी घेतले. पहिली कमाई हातात येताच त्या वर्गणी परत करायला घरोघर फिरल्या, पण एकीनंही घेतली नाही. शेवटी त्यांनी संक्रांतीला कासारणीलाच आमच्या ओट्यावर बसवलं आणि वर्गणीवाल्या सगळ्यांना बोलावलं. बांगड्या आत्याबाईंकडून. ही रीत आजही चालू आहे.

त्या पहिल्या संक्रांतीला अक्काबाईंनी न सांगता दोन्ही हात पुढं केले. कासारणीनं त्यांचे सुजलेले हात आठवून मोठ्या मापाच्या बांगड्या काढल्या, एक चढवली. ती इतकी सैल की हात वर करताच कोपरापर्यंत घसरली.

"अक्काबाई, तुमचं माप बदललं की," कासारीण म्हणाली.

अक्काबाई हाताकडे बघत राहिल्या. मग आत्याबाईंकडे वळून म्हणाल्या, "नवसे, हात माझेच हायेत ना गं?"