खापरावरचे मांडे आणि मी

देवपूरच्या आमच्या कॉलेजच्या लायब्ररीत माझ्या काउंटरवर दर सोमवारी येणाऱ्या त्या आबांनी मला अगदी वात आणला होता. त्यांच्या वारलेल्या थोरल्या बहिणीचा, अक्कांचा, खापरावर मांडे करून दाखवतानाचा व्हिडिओ एका वेबसाइटवर होता. आबांना तो मोबाइलमध्ये हवा होता, कारण त्यांच्या गावात रेंज नाही. त्या पानावर डाउनलोडचं बटणच नव्हतं. मी लिंक सेव्ह करून दिली, की पुढच्या सोमवारी आबा हजर. "भाऊ, हाई उघडत नही." रेंजशिवाय लिंक उघडत नाही, हे किती वेळा सांगायचं माणसानं!

शेवटी एका सोमवारी त्यांनी चपला दाराशी काढल्या, पंखा बंद केला आणि मोबाइल माझ्या कॉम्प्युटरसमोर धरून पडद्याचंच शूटिंग सुरू केलं. आवाज नको म्हणून श्वाससुद्धा रोखून धरला. माझं डोकंच फिरलं. "आबा, असं करतं का कुणी? पुढच्या सोमवारी या, नीट काढून देतो!" त्यांनी नुसतं ओठांवर बोट ठेवलं.

नीट काढून द्यायचं माझ्याकडून राहिलंच. पुढे ती वेबसाइटच बंद पडली.

परवा बसस्टँडवर आबा सुनेला तोच व्हिडिओ दाखवत होते. वाकडा, हललेला, आणि मध्येच माझं खेकसणं. सून म्हणाली, "कणीक कितली सैल, ते ऐकू नही उनं."

"तठे आमना भाऊ बोलना," आबा शांतपणे म्हणाले आणि मला बसायला जागा करून दिली.