व्हॉल्व्हवाले सर

जनुकं शिकवायची वेळ आली की सर आम्हाला वर्गातून उठवून लोणखेड्याच्या केळीबागेत नेत. ठिबकचा एक व्हॉल्व्ह उघडत, दुसरा बंद करत आणि विचारत, "विहीर एक, पाणी तेच. मग ही ओळ ओली, ती कोरडी का?" प्रत्येक पेशीत जनुकं तीच, कोणतं कधी चालू होतं त्यावर पेशी घडते, हे मी असं शिकले. आम्ही त्यांना व्हॉल्व्हवाले सरच म्हणायचो.

माझ्या घरात दहावीपुढे कोणी गेलं नव्हतं. पुण्याच्या कॉलेजचा माझा फॉर्म सरांनी भरला. उत्तरात 'बहुतेक' दिसलं की ते लाल रेघ मारत. "माहीत नसेल तर 'माहीत नाही' लिही बेटा. लाज कसली?"

आता मी पुण्यात प्रयोगशाळेत मेंदूच्या पेशी वाढवते. काही स्वमग्न मुलांच्या पेशींत जनुकं चालू-बंद होण्याची वेळ जन्माआधीच मागेपुढे झालेली असते, ती आम्ही शोधतो. सरांचा मुलगा ओमही स्वमग्न आहे. आठ वर्षांचा, बोलत नाही. सरांच्या आई म्हणतात, सुनेने पोटुशी असताना बी.एड.ची परीक्षा दिली, म्हणून पोराची वाचा गेली.

यंदा दिवाळीत सरांनी मला मुद्दाम घरी बोलावलं. काकूंना, म्हणजे सरांच्या बायकोला, अक्कलकुव्याच्या शाळेत नोकरी लागली होती. सोमवारी हजर व्हायचं, आणि परीक्षेने पोराची वाचा नेली, आता नोकरी नको, म्हणून आजी अडून बसलेल्या. "तुझं ऐकेल ती. समजाव," सर म्हणाले.

मी अर्धा तास समजावलं. व्हॉल्व्हसुद्धा सांगितले.

"मंग तो व्हाल उशिरा कोनी उघाडा?" आजींनी विचारलं.

"ओमच्या बाबतीत माहीत नाही, आजी."

"पुन्याले जाईसन तुले बी मालूम नही! मंग मन्हं खोटं कसं?"

परीक्षा दिल्याने असं होत नाही, हे मात्र मला पक्कं माहीत होतं. तेच आधी सांगायला हवं होतं. सांगितलंही, पण तोवर आजी ओमला भरवायला उठल्या होत्या.

"राहू द्या हो आता," काकू सरांना म्हणाल्या. सर सतरंजीकडे बघत होते.

सर मला सोडायला आले तेव्हा एसटी स्टँडवर मी चिडलेच. "सर, तुम्ही का नाही बोललात? एक वाक्य तर होतं."

"आईपुढे माझं तोंड उघडत नाही बेटा."

माझ्यासारख्या कितीतरी मुक्या पोरींना या माणसाने बोलतं केलं. म्हणूनच त्यांच्यावरचा राग मला गिळता येत नाही.

सोमवारी काकू अक्कलकुव्याला गेल्या नाहीत.