राखून ठेवलेला जोर

हाताची पकड मोजायचं यंत्र दिसायला साधं असतं. धरायला एक मूठ आणि वर घड्याळासारखी तबकडी. मूठ दाबली की काटा पुढे सरकतो. माझ्या शरीराची प्रतिकारशक्ती माझ्याच नसांवर उलटली होती. घरच्या कुत्र्यानं घरच्यांनाच चावावं, तसा प्रकार. बोटांना मुंग्या येता येता बोटंच बधिर झाली. औषधाची सलाईन लावायच्या आधी दवाखान्यात दर वेळी ते यंत्र दाबायला देत. पकड सुधारली असं डॉक्टरांनी लिहून दिलं, तरच फॅक्टरीत मला माझ्या कामावर परत घेणार होते. नाहीतर गेटवर बसून लोकांचे पास बघायचे. जन्मभर फिटर राहिलेल्या माणसानं!

माझ्या स्कूटरचा क्लच मला दाबवत नव्हता, म्हणून बायको तिच्या स्कूटीवरून नेई. खमरियाच्या फॅक्टरी-कॉलनीतल्या क्वार्टरमधून निघताना तिचं एक वाक्य ठरलेलं, "घट्ट धरून बसा." बायकोच्या मागे बसलेला नवरा बघून कॉलनीतले लोक हसत. एरवी मी चहात साखर कमी पडली तरी घर डोक्यावर घेणारा माणूस. पण आता हातांसारखंच मनही झालं होतं. हसतात तर हसू देत.

काटा काही पुढे सरकेना. औषध लागू पडत नाही, असं डॉक्टर म्हणाले. मला मात्र खरं कारण ठाऊक होतं. आमच्या सेक्शनला दारूगोळ्याचे फ्यूज जोडायचं काम. तिथं जोर लावणं म्हणजे पापच. उस्तादांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "जोर लगाना गधे का काम है." आटे बसले असं बोटांना कळलं की हात थांबलाच पाहिजे. ती सवय अंगात मुरलेली. यंत्र हातात आलं की हात आपोआप थांबत होता. मी राखून दाबत होतो, दुसरं काही नाही.

हे बायकोला सांगितलं तेव्हा तिनं कपाळावर हात मारला.

"काहून असं करून राहिले जी तुम्ही? झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून?"

"अगं, सवय आहे हाताला."

"अच्छा! आणि मी इकडे देवाला नवस बोलून राहिली!"

कितीतरी दिवसांनी ती मोकळी हसली. मीही हसलो. त्याच संध्याकाळी तिनं माझा फॅक्टरीचा डबा माळ्यावरून काढला आणि चिंचेनं घासून लख्ख केला.

पुढच्या खेपेला ती माझ्याबरोबर आत आली. यंत्र देणारी मुलगी म्हणाली, "अंकलजी, पूरी ताकत से."

"दात-ओठ खाऊन दाबा," बायको म्हणाली. "तुटलं तं तुटू द्या. भरून देऊ आपण."

मी डोळे मिटले. उस्ताद, फ्यूज, आटे, सगळं बाजूला सारलं आणि होता नव्हता तो जोर लावला. खांदा थरथरायला लागला, डोळ्यांत पाणी आलं. डोळे उघडले तर काटा नेहमीच्याच जागी होता.

"हो गया, अंकलजी. पहले जितना ही है."

दुसऱ्या हाताचंही तेच. म्हणजे राखून ठेवलेलं काही नव्हतंच. वाईट वाटलं म्हणावं, तर तेही धड वाटलं नाही. बायको तबकडीकडे बघत होती आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

बाहेर येऊन तिनं पदरानं सीट पुसली, गाडी चालू केली. मी मागे बसलो. घट्ट धरून बसा, असं ती त्या दिवशी म्हणाली नाही. पुढेही कधी म्हणाली नाही. गाडी मात्र तेव्हापासून हळू चालवते.