बाण पिकाकडं

"अहो, शिट्टी कशाची वाजून राहिली? कुकर तर मी अजून चढवलाच न्हाई!" शोभा स्वयंपाकघरातून ओरडली.

शिट्टी आमच्या गाडीची होती.

गाडी सोळा वर्षांची. तिचा मूळ रंग कोणता, यावर आमच्या घरात दोन मतं आहेत. मी अंगणात ती सुरू करून उभा होतो आणि बॉनेटखालून अशी शिट्टी निघत होती, की सेनगावच्या स्टँडवरच्या एका ड्रायव्हरनं ती आपल्या कंडक्टरची समजून यष्टी मागं घेतली आणि थेट रसवंतीला टेकवली. (हे मी पाहिलेलं नाही. पण शिट्टी तेवढी होती.)

एरवी मी गाडीला शिट्टीसकट सांभाळून घेतलं असतं. पण दोन दिवसांवर धोंड्याचं जेवण होतं. अधिक महिना तीन वर्षांनी एकदा येतो आणि जावयाची किंमत तेव्हाच काय ती वधारते. हट्ट्याहून सासऱ्यांचा, म्हणजे मामांचा, फोन आला होता. "रविवारी दोघं जावई या. जेवणं झाली की आमाला दोघांना औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला घेऊन चला."

कोणाच्या गाडीत, हे मामा बोलले नाहीत. तेवढं एक वाक्य ते गिळून बसले आणि इकडं माझी भूक मेली.

कारण दुसरा जावई म्हणजे गजानन. माझा साडू. साखरा गावचा. त्याच्या गाडीचा पांढरेपणा असा, की तिच्या शेजारी उभा राहिलेला बगळा मळकट दिसतो. वर छताला झरोका. आमच्या छपराला भोक पडलं तर लोक कीव करतात, ह्याच्या गाडीच्या छताला भोक म्हणून लोक फोटो काढतात! मागच्या धोंड्याला मामा-मामी त्याच्या गाडीत बसून औंढ्याला गेले होते. तेव्हापासून तीन वर्षं मामी एकच गोष्ट सांगतात, "गजाननरावांच्या गाडीत काय गार वारं सुटतं वं बाई." आमच्या लग्नाला बावीस वर्षं झाली, गाडीला सोळा, तरी त्या माझ्या गाडीत एकदाही बसलेल्या नाहीत. या खेपेला त्यांना माझ्याच गाडीत बसवायचं, मग इंजिनच्या जागी मला स्वतःला जुंपावं लागलं तरी चालेल, असं मी ठरवलं होतं.

रशीद मिस्त्रीनं बॉनेट उघडलं, कान लावला आणि निकाल दिला. "ब्रीदर वॉल गया. इंजिन की नाक समझो. अंदर का परदा फट गया."

"कवा बसवता?"

"सोमवार को. मेरे हाथ में तीन जीप हैं, भाऊ."

"रविवारी धोंडा हाय, रशीदभाई."

"तो फिर धोंडा सोमवार को करो."

मी नवा वॉल, म्हणजे व्हॉल्व्ह, घेतला आणि घरी आलो. अंगठ्याएवढी वस्तू. दोन्हीकडं तोंड, दोन्हीकडं नळी, दोन क्लिपा. एवढ्यासाठी मिस्त्री कशाला? शिवाय गजाननची सवय मला ठाऊक होती. मामांच्या विहिरीची मोटार त्यानं दुरुस्त केली, मामींचं मिक्सर त्यानंच सुरू केलं, देव्हाऱ्यातला दिवासुद्धा तो आला की जास्त उजेड देतो. आता मीही हट्ट्याच्या ओट्यावर बसून सहज म्हणणार होतो, 'इंजिनचं जरा काम निघालं होतं. केलं घरीच.'

जुना वॉल मी पान्यानं ओढला तसा त्याचा चुरा झाला. त्यामुळं तो कोणत्या तोंडानं बसला होता, हे सांगायला कोणी साक्षीदार उरला नाही. नव्या वॉलवर एक बाण होता.

आता बाणाबद्दल मला कोणी शिकवू नये. माझ्या शेतात ठिबक बसून नऊ वर्षं झाली. फिल्टरवर बाण, वॉलवर बाण, आणि साऱ्या शिवाराला पाठ असलेला नियम एकच: बाण पिकाकडं. मी बॉनेटमध्ये वाकून विचार केला. इथं पीक कोणतं? इंजिन. सगळा खतपाणी-खर्च त्याच्यावरच. बाण इंजिनकडं करून मी क्लिपा आवळल्या.

एवढ्यात गजाननचा फोन. (शोभानं बहिणीला सांगितलं, बहिणीनं नवऱ्याला. आमच्या घरातली बातमी यष्टीच्या आधी साखऱ्याला पोचते.)

"भाऊ, वॉल बदलून राहिले म्हणं?"

"बदलला. किरकोळ काम होतं."

"बाण इंजिनकडून बाहेर ठेवला ना? इंजिनातली हवा बाहेर निघाली पायजे. उलटा बसला तर कोंडते."

मी वॉलकडं पाहिलं. बाण इंजिनकडं रोखून बसला होता. क्षणभर वाटलं, फिरवावा. पण लगेच माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हा मला उलटं कशाला सांगतोय? माझी गाडी वाटेत बंद पडावी, मामा-मामी पुन्हा त्याच्या गार वाऱ्यात बसावेत, म्हणूनच!

"तसाच ठेवलाय," मी म्हणालो आणि क्लिपा आणखी एकेक आटा आवळल्या.

गाडी सुरू केली. शिट्टी गायब. शोभा दारात आली.

"थांबली का वं?" ती म्हणाली.

"थांबणारच. हात कोणाचा हाय?"

"म्हणूनच इचारलं."

रविवारी पांढरा सदरा, पांढरा लेंगा घालून मी निघालो. हिंगोली मागं पडली तोवर मी शोभाला बाणाचा नियम चारदा सांगितला होता. पाचव्यांदा सांगत होतो, तेवढ्यात औंढ्याअलीकडच्या चढावर ती म्हणाली, "अहो, भजे तळल्यावानी वास येऊन राहिला."

"ढाब्याचा असंल."

"ढाबा आपल्या बॉनेटात हाय का?"

बॉनेटच्या फटींतून निळा धूर निघत होता. मी गाडी कडेला घेतली. घाईत इंजिन बंद करायचं राहिलं. बॉनेट उचललं तर ऑइल मोजायची पट्टी आपल्या जागेवरून हातभर वर आली होती, आतून कुणीतरी डोकं वर काढून 'गुदमरलो हो' म्हणावं तशी. मी तिला खाली दाबलं. ती वर आली. पुन्हा दाबलं. पुन्हा आली. मग मला वाटलं, आत ऑइल तरी उरलंय का पाहावं. चालू इंजिनाचं झाकण मी फिरवलं.

पुढचं मला दिसलं नाही, कारण माझ्या डोळ्यांत ऑइल होतं. सदऱ्यावर ऑइल, मिशीत ऑइल, उजव्या कानात एक घोट. रस्त्यानं कडब्याच्या पेंढ्यांचं गाडं घेऊन चाललेला एक म्हातारा थांबला आणि शोभाला आदरानं म्हणाला, "बाई, बोअरला पाणी लागलं का?"

मी डोळे पुसेपर्यंत शोभानं बहिणीला फोन केला होता. पंधरा मिनिटांत ती पांढरी गाडी माझ्यामागं येऊन उभी राहिली. झरोक्यासकट.

गजानन उतरला. बाह्या दुमडल्या. क्लिपा सोडल्या, वॉल काढला, फिरवला, बसवला. पट्टी आत सारली. ती आतच राहिली. मग डिकीतून ऑइलचा डबा काढून इंजिनात ओतला. (डिकीत ऑइल! माझ्या डिकीत मागच्या दिवाळीची रांगोळी आहे.)

काम झाल्यावर त्यानं डबा परत डिकीत ठेवला. बाणाकडं पाहिलं नाही, माझ्याकडं पाहून हसला नाही. एक टोमणा मारला असता तर मी जन्मभर सुखानं त्याचा द्वेष केला असता. पण त्यानं मला खिशातला पांढरा रुमाल दिला. "कानात हाय अजून, भाऊ," एवढंच म्हणाला.

शोभा बहिणीशेजारी जाऊन बसली. "वास डोक्यात गेलाय," म्हणाली. पांढरी गाडी पुढं, मी मागं एकटा, आमची वरात हट्ट्याला पोचली. मामांनी मला वरून खाली पाहिलं.

"जावईबापू, दिवाळीची अंघोळ आत्ताच उरकून आले का?"

मामींनी न हसता पाणी तापवलं. मामांच्या धोतरात मी पाटावर बसलो, शेजारी गजानन कडक इस्त्रीत. दिवे ओवाळले, अनारसे वाढले. पण माझं लक्ष ताटात नव्हतं. गाडी आता बरोबर चालत होती. शेवटच्या पंधरा किलोमीटरांत धूर नाही, वास नाही, शिट्टी नाही. डाव अजून संपलेला नव्हता.

शेवटचा घास चावत-चावतच मी बाहेर पळालो. मागची सीट उपरण्यानं पुसली, दार सताड उघडलं आणि धोतर सावरत उभा राहिलो. वळून पाहतो तर गजाननही आपल्या गाडीचं दार उघडून उभा! त्याच्या चेहऱ्यावर तीच हाव, तोच घोर. तीन वर्षांत पहिल्यांदा मला तो आपल्यातला वाटला.

"मामा, चला औंढ्याला," मी ओरडलो. "गाडी एकदम बराबर झाली."

"मामी, एसी लावून ठेवलाय," गजानन ओरडला.

मामा ओट्यावर सुपारी कातरत बसले होते. त्यांनी एकदा माझ्या दाराकडं पाहिलं, एकदा त्याच्या.

"आमी सकाळीच जाऊन आलो," ते म्हणाले. "यष्टीत खिडकी भेटली."