रंग तोच लाल

“कसं बनवलं, ते आधी सांगा!” ताईंच्या या प्रश्नातून कुणी सुटत नसे. आमच्याकडे जेवायला आल्या, तर पहिल्या घासालाच बायकोला विचारलं, “पाण्यात बेसन सोडलं का बेसनात पाणी?” बायको आधी फुगली. मग तासभर दोघी पिठल्यावरच बोलत बसल्या.

रायपूर नुकतंच छत्तीसगडची राजधानी झालं होतं. ताई माझ्यासारख्याच आमच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायच्या; नेमणूक दरवर्षी नव्यानं. लोखंडाच्या ऑक्साइडचे स्फटिक करणं हा त्यांचा ध्यास. पिवळी भुकटी मंद आचेवर तापवली की लाल होते आणि कणांच्या पृष्ठभागावर बारीक भोकं पडतात. पाण्यातलं विष त्यांत धरून ठेवलं जातं. आच फार वाढवली की भोकं बुजतात, रंग मात्र लालच. पोरं म्हणत, “मॅडम, दोनो तो सेम है.”

“धान एकच असते रे! मग भट्टीत फुललेला मुर्रा अन् कुटलेला पोहा एक होते का?”

शहराबाहेरच्या उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखानदारानं पाण्याच्या फिल्टरसाठी अशी भुकटी काढली, धडाडत्या भट्टीत, झटपट. ताईंनी तपासली, विष पाण्यात जसंच्या तसं. तरी त्याला प्रमाणपत्रावर ताईंची सही हवी होती. फिल्टर खेड्यांतल्या शाळांत लागणार होते. आमचे विभागप्रमुख त्याच्या बाजूनं मध्ये पडले.

“दीदी, कर दो ना साइन. लाल तो है.”

“लाल त कुंकू बी असते, सर. पाण्यात कालवून पोट्ट्यांले पाजता का?”

मला इतका आनंद झाला, की कपातला चहा बशीत आला.

जुलैत ताईंची नेमणूक आली नाही. का, ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि बोलत कुणी नव्हतं. संताप आला मला. “आता काय करणार?” मी विचारलं.

“शिकवण्या घेईन. माझं होऊन जाते. त्या पानी पेणाऱ्या पोट्ट्यांचं कसं होईन, ते सांगा.”

त्या नागपूरला भावाकडे गेल्या. प्रयोगशाळेतली त्यांची छोटी भट्टी कपाटावर चढवली गेली आणि प्रमाणपत्र सहीसाठी माझ्या टेबलावर आलं. सर रोज विचारायचे, “हो गया क्या?” मी रोज म्हणायचो, “नाही, आणि होणारही नाही.” सर पुढे निवृत्त झाले. तो कागद अजून माझ्या टेबलावर आहे, बिनसहीचा.