टेबलाखालचा पाय

आमच्या कॉलेजच्या लेखन मंडळात लिहायला बसण्याआधी संगीत लावायची पद्धत आहे. कुणी पियानो लावतं, कुणी बासरी. काल माझी पाळी होती. मी बाबांच्या हलगीचं रेकॉर्डिंग लावलं. गावच्या जत्रेत ते वाजवत होते, तेव्हा मीच मोबाइलवर घेतलेलं.

"अगं ए, वरात कुणाची निघाली?" मंडळाचा प्रमुख निखिल म्हणाला. "यावर नाचायचं असतं बाई, विचार नाही करायचा!"

सगळे हसले. मीही हसले, आणि त्याचाच मला जास्त राग आला. मान खाली गेली तेव्हा टेबलाखाली निखिलचा पाय दिसला. तो हलगीच्या ठेक्यावर हलत होता, अगदी बिनचूक. त्याचं त्याला ठाऊकही नव्हतं.

वाजवण्याआधी बाबा उसाचं वाळलेलं पाचट पेटवून हलगी शेकतात. कातडं तापून ताणलं की मगच ती कडकडते. गार हलगी नुसती भद्द वाजते. लिहिणाऱ्याचंही तसंच असावं का? मला नक्की सांगता येत नाही, मी अजून फार लिहिलेलं नाही. पण काल निखिलने मला चांगलंच शेकलं आहे, आणि हे मी सोडून देणार नाही.

आज खोलीत तीच हलगी लावून लिहिते आहे. ठेक्यात न बसणारं प्रत्येक वाक्य खोडते आहे. पुढच्या बैठकीत हे वाचेन, कुठलंही संगीत न लावता. निखिल तोंडाने काय म्हणतो, ते ऐकणारही नाही. मी टेबलाखाली बघेन.